न्यूयॉर्क सबवेतलं 'स्काय रिफ्लेक्टर-नेट' : कोणी नीट थांबून बघितलंय का?

खिडकीपाशी

डाउनटाउन मॅनहॅटनमधे नोकरीला जाणारी मराठी मंडळी इथे भरपूर आहेत, जर्सी सिटी किंवा एडिसनकडून येऊन पाथ ट्रेनने वर्ल्ड ट्रेड सेंटरला उतरणारे आणि तिथून पुढे सबवे पकडणारे तर कितीतरी, आणि तरी फुल्टन सेंटरमधल्या त्या टांगलेल्या चकचकीत जाळ्यावर इथे एकही धागा नाही. म्हणून मीच काढतेय.

ज्यांनी बघितलं नाही त्यांच्यासाठी आधी थोडक्यात. ब्रॉडवे आणि फुल्टन स्ट्रीटच्या कोपऱ्यावर काचेची एक इमारत आहे, तेच फुल्टन सेंटर. १० नोव्हेंबर २०१४ ला लोकांसाठी उघडलं. २, ३, ४, ५, ए, सी, जे, झेड एवढ्या सगळ्या गाड्या इथे खाली येऊन मिळतात आणि भुयारातून आर आणि डब्ल्यूपर्यंतही जाता येतं. आत शिरून मान वर केलीत की मधोमध एक प्रचंड उभी पोकळी दिसते, वर जाता जाता निमुळती होत गेलेली, आणि तिच्या टोकाला गोल काचेचं छत, त्यातून आभाळ दिसतं. या पोकळीच्या आतून वरपासून खालपर्यंत केबलचं एक जाळं ताणून बसवलंय आणि त्या जाळ्याच्या प्रत्येक घरात अ‍ॅल्युमिनियमचा शंकरपाळ्याच्या आकाराचा पत्रा. असे ९५२ पत्रे! केबल ११२, रॉड २२४, उंची ७९ फूट. हेच ते 'स्काय रिफ्लेक्टर-नेट'. कलाकार जेम्स कार्पेंटर आणि त्यांचा स्टुडिओ, इमारतीचे आर्किटेक्ट ग्रिमशॉ, इंजिनियरिंग अरुपचं. काम करवून घेतलं ते एमटीएच्या, म्हणजे सबवे चालवणाऱ्या सरकारी संस्थेच्या, कला विभागाने, जो १९८५ पासून स्टेशनांमधे कलाकृती बसवतोय.

आता मला जे बोलायचंय ते. स्टेशनातली कला म्हटली की आपल्या डोळ्यासमोर भिंतीवरचं म्युरल किंवा चौथऱ्यावरचा पुतळा येतो. तेही चांगलंच असतं, पण ते काढून ठेवलं तर स्टेशन जसंच्या तसं चालू राहतं. हे जाळं काढलं तर खाली अंधार पडेल. ते कामाला जुंपलेलं आहे, वरचा उजेड पकडून रस्त्याखालच्या मजल्यांवर उतरवणं हे त्याचं रोजचं काम, आणि ते काम करता करताच ते इतकं देखणं दिसतं. तळघरात गाडी बदलायला धावणाऱ्या माणसाला आत्ता बाहेर ऊन आहे का ढग आलेत एवढं कळावं यासाठी कोणीतरी इतकी मेहनत घेतली ही गोष्ट मला फार मोठी वाटते.

वरच्या गॅलरीच्या कठड्याला टेकून उभं राहिलं की पत्रे जवळून दिसतात. प्रत्येक पत्र्याला बारीक बारीक भोकं आहेत, त्यामुळे तो आरशासारखा झगमगीत नाही, त्यातून मागचंही थोडं दिसतं. ढग सूर्यावरून सरकला की जाळ्याच्या एका बाजूचे पत्रे आधी राखाडी होतात, शेजारचे अजून पांढरे असतात, मग ती राखाडी छटा पत्र्यापत्र्याने पुढे सरकत जाते. हे बघायला मी बऱ्याचदा गाडी सोडते आणि पुढची पकडते.

तुमचे अनुभव लिहा, फोटो असतील तर टाका.

जर्सीकर

मस्त धागा! मी रोज तिथूनच जातो आणि खरं सांगायचं तर पहिली बरीच वर्षं माझी समजूत होती की हे छताचंच डिझाइन असेल काहीतरी, आर्टवर्क वगैरे आहे हे नंतर पाटी वाचून कळलं.

एक गोष्ट मात्र नवीन लोकांसाठी लिहून ठेवतो, बऱ्याच जणांचा घोळ होतो. वर्ल्ड ट्रेड सेंटरचं ते पांढऱ्या फासळ्यांचं, पंख उघडल्यासारखं दिसणारं जे स्टेशन आहे ते ऑक्युलस, आर्किटेक्ट सॅन्टियागो कॅलाट्राव्हाचं, ते २०१६ ला उघडलं आणि त्याला साधारण ४ अब्ज डॉलर लागले. फुल्टन सेंटर वेगळं. दोन्ही भुयाराने जोडलेली आहेत, डे स्ट्रीटच्या खालून. पाहुणे आले की सगळे ऑक्युलसमधे फोटो काढतात आणि तिथूनच परत जातात, दोन पावलं पुढे गेलं तर हे आहे.

हिशेबी

सुंदर आहे यात वाद नाही, पण खर्चाचं बोलायला हवं. फुल्टन सेंटरचा मूळ अंदाज ७५ कोटी डॉलरचा होता आणि २००७ पर्यंत पूर्ण होणार होतं. झालं २०१४ ला आणि खर्च गेला १४० कोटींवर. जवळजवळ दुप्पट. आणि हा पैसा ११ सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर लोअर मॅनहॅटन पुन्हा उभं करायला आलेल्या केंद्राच्या मदतीतून आणि नंतर २००९ च्या मंदीच्या पॅकेजमधून आलाय, म्हणजे लोकांचाच. त्याच पैशात किती जुन्या स्टेशनांना लिफ्ट बसल्या असत्या? न्यूयॉर्कमधे अजूनही ढीगभर स्टेशनं अशी आहेत की व्हीलचेअरवाला माणूस तिथे उतरूच शकत नाही. माझी आई इथे आली होती तेव्हा गुडघ्यांमुळे आम्ही कुठल्या स्टेशनला लिफ्ट आहे ते बघून मग फिरायचं ठरवायचो. त्यामुळे आभाळ दिसतंय हे ठीक, आधी माणूस खाली पोचायला तर हवा.

खिडकीपाशी

@हिशेबी, लिफ्टचा मुद्दा शंभर टक्के मान्य आणि आईंबद्दल वाचून वाईट वाटलं. पण दोन गोष्टी.

एक म्हणजे १४० कोटींतला फार मोठा भाग जाळ्यावर गेलेलाच नाही. मुळात तिथे काय होतं ते बघा. ४ आणि ५ चं स्टेशन १९०५ चं, ए आणि सी गाड्यांचं १९३३ चं, आणि बाकीची दोन त्या मधल्या काळातली. दोन खासगी कंपन्या आणि एक शहराची स्वतःची लाइन, तिघांनी आपापलं खोदलं, एकमेकांशी जुळवायचा कोणाचाच विचार नव्हता. त्यामुळे गाडी बदलायची तर अरुंद रॅम्प, वळणं, वर चढा परत खाली उतरा असा चक्रव्यूह होता. पैसा गेला तो हे सोडवायला, खाली चालू गाड्या ठेवून खोदकाम करायला, जागा ताब्यात घ्यायला. आणि लिफ्ट म्हणाल तर त्या याच कामात इथे बसल्या, हे जंक्शन व्हीलचेअरने जाता येण्यासारखं झालं ते यातूनच.

दुसरं म्हणजे २००८ मधे ही सगळी घुमटाची भानगडच रद्द व्हायच्या बेतात होती. टेंडर अंदाजाच्या कितीतरी वर आलं, मग वरची इमारत साधीच करू, घुमट नको अशी चर्चा सुरू झाली. पुढच्या वर्षी ते पॅकेज आलं म्हणून वाचलं. मला विचाराल तर बरं झालं वाचलं. पैसे नाहीत म्हटलं की पहिली कात्री उजेडावर आणि हवेवर चालते, सगळीकडेच, आणि मग पुढची शंभर वर्षं लोक ट्यूबलाइटखाली चालत राहतात.

निवृत्त सिव्हिल

चर्चा वाचून राहवलं नाही. मी आयुष्यभर स्ट्रक्चरलमधे काम केलं, मुलीकडे न्यूजर्सीला येतो तेव्हा हे बघायला मुद्दाम जातो. थोडं तांत्रिक लिहितो, कंटाळा आला तर सोडून द्या.

केबल फक्त ओढ सोसते, दाब सोसत नाही. त्यामुळे केबलचं जाळं स्थिर ठेवायचं तर ते आधीच ताणून ठेवावं लागतं आणि त्याला दोन उलट दिशांचे बाक द्यावे लागतात, म्हणजे उभ्या दिशेने एकीकडे वाकलेलं आणि आडव्या दिशेने दुसरीकडे. मग एका दिशेच्या केबलने सैल व्हायचं म्हटलं तरी दुसरी तिला होऊ देत नाही. इथे वरती एक कडं आहे आणि खाली एक कडं आहे, दोन्हींच्या मधे ११२ केबल तिरक्या जाऊन एकमेकींना छेदतात, म्हणून मधली घरं तिरक्या चौकोनाची होतात. आता गंमत अशी की वरचं कडं खालच्याच्या बरोबर वर, समांतर नाहीये, ते कललेलं आहे, कारण छताचं तोंड सूर्याकडे करायचं होतं. त्यामुळे जाळ्याची घरं सगळीकडे एका मापाची राहत नाहीत आणि पत्रेही एका साच्यातून काढता येत नाहीत. आमच्या काळी असं काही कागदावर काढलं असतं तर साहेबांनी फाइल तोंडावर मारली असती, आता संगणकावर आकार शोधता येतो म्हणून जमतं.

आणि अशी रचना हलते, हलायलाच हवी. खाली बोगद्यातून गाडी येते तेव्हा ती पुढची हवा ढकलत आणते, प्लॅटफॉर्मवर गाडीच्या आधी वारा येतो तो तोच. शिवाय उन्हाने धातू प्रसरण पावतो, थंडीत आकसतो. ताठ चौकटीत घट्ट बसवलेले पत्रे असते तर जोड कुरकुरले असते, इथे जाळं थोडं हलून परत जागेवर येतं. भोकं आहेत म्हणून हवेचा मार पत्र्यावर कमी बसतो आणि आवाजही कमी घुमतो. काच वापरली असती तर वजन कुठल्या कुठे गेलं असतं आणि इतक्या लोकांच्या डोक्यावर टांगायची कोणाची छाती झाली नसती.

जर्सीकर

काका, _/\_ असेच प्रतिसाद लिहीत जा. वाचनखूण साठवली.

फिरस्ती

फोटो काढणाऱ्यांसाठी. खालच्या गोल भागात मधोमध उभं राहून सरळ वर कॅमेरा धरला तर चित्र सममित येत नाही, कारण काकांनी लिहिलंय तसं वरचं भोक कललेलं आहे. ते सममित करायच्या नादी लागू नका, तो कलच पकडा, त्यातच मजा आहे.

वेळ : उन्हाळ्यात न्यूयॉर्कचं घड्याळ एक तास पुढे असतं म्हणून सूर्य माथ्याजवळ येतो तो एकच्या सुमाराला, बाराला नाही. जूनच्या शेवटी तो क्षितिजापासून ७३ अंशांपर्यंत चढतो, डिसेंबरात जेमतेम २६. इतक्या खालच्या उन्हाला आजूबाजूच्या उंच इमारती आडव्या येतात. मी दोन्ही ऋतूत गेलोय आणि मला ढगाळ दिवसाचे फोटो जास्त आवडतात. कडक उन्हात काही पत्रे इतके उजळतात की कॅमेरा बाकीचं काळं करून टाकतो. ढगाळ असलं की सगळं जाळं एकसारखं दुधी निळं होतं, प्रत्येक पत्र्याची छटा किंचित वेगळी. ते जाळं सूर्यापेक्षा आभाळ दाखवायला केलेलं आहे हे त्या दिवशी पटतं.

तिथे डिजिटल स्क्रीनही खूप आहेत, जाहिरातींचे, त्यांचा लाल-जांभळा रंग खालच्या पत्र्यांवर पडतो. फोटोत तो नको असेल तर वरच्या निम्म्या भागावर फ्रेम लावा.

शनिवारपेठी

धागा न्यूयॉर्कचा आहे पण मला पुण्याचं सिव्हिल कोर्ट स्टेशन आठवलं (आता जिल्हा न्यायालय). १ ऑगस्ट २०२३ ला सुरू झालं. ३३.१ मीटर खोल, देशातल्या सगळ्यात खोल मेट्रो स्टेशनांमधलं एक, आणि त्याचं छत असं केलंय की ऊन थेट खाली प्लॅटफॉर्मवर पडतं. पहिल्यांदा सरकत्या जिन्याने खाली खाली जात होतो आणि खाली पोचल्यावर पायाशी उन्हाचा पट्टा! तिथे तारा नाहीत, पत्रे नाहीत, आणि तरी काम होतंय. मग एवढा उपद्व्याप न्यूयॉर्कला का करावा लागला?

निवृत्त सिव्हिल

@शनिवारपेठी, चांगला प्रश्न. अक्षांश बघा. पुणे १८.५ वर, न्यूयॉर्क ४०.७ वर. पुण्यात मेच्या मध्याला आणि जुलैच्या शेवटी सूर्य बरोबर डोक्यावर येतो, शून्य सावलीचा दिवस म्हणतो तो, आणि ऐन डिसेंबरातही दुपारी ४८ अंशांवर असतो. वर भोक ठेवलं की ऊन आपणहून खोलवर जातं. न्यूयॉर्कला सूर्य कधीच माथ्यावर येत नाही, त्यातून ते स्टेशन गगनचुंबी इमारतींच्या जंगलात. सरळ भोक ठेवलं तर ऊन वरच्याच भिंतीवर आपटून संपेल. म्हणून ते तिरकं आलेलं ऊन पत्र्यांवर घेऊन खाली वळवायचं, एवढ्यासाठी जाळं.

आपल्याकडचा प्रश्न उलटा आहे, ऊन हवं पण ताप नको. थेट ऊन आत घेतलं की एसीचा बोजा वाढतो. त्यामुळे आपल्याकडे असं काही केलंच तर ते ऊन फोडून मऊ करून आत घेणारं हवं. आणि धूळ. चकचकीत धातूवर धुळीचा थर बसला की उजेड परतवायची ताकद झपाट्याने उतरते, म्हणजे पुसायची सोय आधी डिझाइनमधे आणि मग दरवर्षी बजेटमधे. उद्घाटनाला झळाळी आणि पाच वर्षांनी मळकट पत्रे असं होता कामा नये.

गिरगावची

मुंबईत तर पावसाचं पण बघावं लागेल. मेट्रो ३ च्या २७ पैकी २६ स्टेशनं जमिनीखाली आहेत, मे २०२५ च्या पावसात आचार्य अत्रे चौक स्टेशनात पाणी शिरलं होतं ते सगळ्यांनी टीव्हीवर बघितलं. त्यामुळे रस्त्याच्या पातळीला मोठं भोक म्हटलं की पोटात गोळा येतो. पण फुल्टनला ते भोक रस्त्याला नाहीच ना, इमारतीच्या डोक्यावर आहे, ही गोष्ट मला वाचता वाचता लक्षात आली. म्हणजे आपल्याकडेही प्रवेशाच्या इमारतीचं छत उंच नेऊन तिथून उजेड घेता येईल, पाणी येण्याचा प्रश्नच नाही.

मला मुंबईच्या स्टेशनांत उजेडाची हौस जास्त यासाठी आहे की लोकलला कितीही हाल असले तरी दारातून वारा येतो, खाडी दिसते, संध्याकाळ झालेली कळते. भुयारी मेट्रोने वेळ वाचतो, घाम वाचतो, सगळं मान्य, पण कफ परेडला बसलं आणि आरेला उतरलं, मधे बाहेर पाऊस पडून गेला तरी पत्ता नसतो.

खिडकीपाशी

@गिरगावची, अगदी अगदी! हेच मला म्हणायचं होतं आणि मला इतकं नीट लिहिता आलं नाही.

आणि काकांच्या मुद्द्यात एक भर. फुल्टनला हे जमलं त्याचं कारण मला असं वाटतं की कलाकाराला शेवटी बोलावून 'ही भिंत रिकामी आहे, काहीतरी करा' असं सांगितलं नाही. कार्पेंटर, ग्रिमशॉ आणि अरुप तिघं एकत्र बसले. कार्पेंटर हे काचेचे आणि उजेडाचे माणूस, शेजारच्या ७ वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या दर्शनी भागावर त्यांचं काम आहे, ती इमारत २००६ ला उघडली. २००४ ला त्यांना मॅकआर्थर फेलोशिप, म्हणजे अमेरिकेतला एक मोठा सन्मान, मिळाली होती. असा माणूस आराखड्याच्या टेबलावर असला की छताचा कल, केबलचा ताण आणि पत्र्याची चकाकी हे एकच काम होतं. आपल्याकडे स्टेशन बांधून तयार होतं, मग वारली चित्रं किंवा किल्ल्यांची चित्रं लावतात. चित्रं वाईट नसतात हो, पण कलाकाराला उजेडाला हात लावू दिलेला नसतो. पुण्या-मुंबईच्या पुढच्या भुयारी लाइनींसाठी हे आत्ताच कोणीतरी मागायला हवं, खोदकाम झाल्यावर काही उपयोग नाही.

टेम्सकाठी

लंडनहून. एलिझाबेथ लाइनच्या पॅडिंग्टन स्टेशनला उलट प्रकार आहे. तिथे १२० मीटर लांब काचेचं छत आहे आणि त्या काचेवरच ढग छापलेत, स्पेन्सर फिंच या अमेरिकन कलाकाराने वेगवेगळ्या जातीचे ढग काढून. बाहेर खरे ढग असले की दोन्ही एकमेकांत मिसळतात. मला आवडतं, पण तुमचं वर्णन वाचून वाटलं की फुल्टनचं जास्त प्रामाणिक आहे, जे आभाळ असेल तेच दाखवतं. लंडनला मात्र असं केलं असतं तर वर्षातले बरेच महिने राखाडीच दिसलं असतं, तेव्हा छापलेले ढग बरे.

हिशेबी

प्रतिसाद वाचून थोडा नरमलोय. खोदकाम, जुन्या लाइनी जोडणं हा खर्च धरला नव्हता असं नाही, पण जाळं आणि घुमट म्हणजेच १४० कोटी असं बोलणारे बरेच भेटतात आणि मीही त्याच सुरात लिहिलं. लिफ्टबद्दल मात्र माझं म्हणणं तेच आहे. दोन्ही मागा, उजेडही आणि लिफ्टही, एकासाठी दुसरं सोडू नका.

खिडकीपाशी

@हिशेबी, दोन्ही मागायचं, मंजूर.

अवांतर : तिथे गेलात तर शेजारची कॉर्बिन बिल्डिंग चुकवू नका. १८८९ ची, फ्रान्सिस किंबल या आर्किटेक्टची, विटांची आणि टेराकोटाची नक्षीदार अरुंद इमारत. फुल्टन सेंटरसाठी ती पाडली नाही, खालून पाया पुन्हा भक्कम केला आणि नव्या इमारतीला जोडून घेतली. जॉन स्ट्रीटच्या बाजूच्या सरकत्या जिन्याने उतरताना तिच्या जुन्या पायातल्या उलट्या कमानी उघड्या ठेवलेल्या दिसतात. सव्वाशे वर्षं मातीत गाडलेल्या त्या कमानी आता जाता येता लोक बघतात.

एडिसनकर आई

खूप छान माहिती सगळ्यांची. आम्ही शनिवारी मुलांना घेऊन जायचं ठरवलंय, धाकटा स्ट्रोलरमधे आहे आणि सासूबाई बरोबर आहेत. सबवेचं तिकीट काढावं लागेल का फक्त बघायला? आणि गाडी घेऊन जावं का?

जर्सीकर

@एडिसनकर आई, गाडी अजिबात नको, तिकडे पार्किंग महाग आणि शोधण्यातच वेळ जातो. एडिसनहून एनजे ट्रान्झिटने न्यूअर्क पेन, तिथून पाथने वर्ल्ड ट्रेड सेंटर. वर ऑक्युलसमधे या आणि डे स्ट्रीटच्या भुयाराने सरळ फुल्टन सेंटर, रस्ता ओलांडावा लागत नाही. रस्त्याच्या पातळीवरचा हॉल आणि वरची गॅलरी तिकिटाच्या गेटच्या बाहेर आहे, त्यामुळे सबवेचे पैसे लागत नाहीत. लिफ्ट आहेत, स्ट्रोलर आणि सासूबाई दोघांचीही सोय होईल. न्यूअर्कला मात्र प्लॅटफॉर्म बदलताना शनिवारची गर्दी असते, हाताशी दहा मिनिटं जास्त ठेवा. आणि हो, पाथ शनिवार-रविवारी कधी कधी कामासाठी वेळापत्रक बदलते, निघायच्या आधी अ‍ॅपवर बघून घ्या.

शनिवारपेठी

मी या आठवड्यात सिव्हिल कोर्टला दुपारी साडेबाराच्या पुढे जाऊन प्लॅटफॉर्मवरचे फोटो काढतो आणि इथे टाकतो. @फिरस्ती, मोबाइलवर काढायचे तर सेटिंग काय ठेवू ते सांगा.

फिरस्ती

एचडीआर चालू, उन्हाच्या पट्ट्यावर बोट दाबून एक्स्पोजर लॉक करा आणि मग थोडं खाली आणा. माणसं येऊ द्यात फ्रेममधे, त्याशिवाय खोली कळत नाही.